काकूंना गाडी लागते

नवरा म्हणतो बर्फ, बायको म्हणते समुद्र, आणि मग दोघंही माझ्या तोंडाकडं बघतात. माझा धंदा इथून सुरू होतो.

निराला बाजारच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझं सहलींचं ऑफिस. आता ते सून सांभाळते आणि मी दुपारी जाऊन तिच्या कामात नाक खुपसते. आमच्या शहरात जगभरातून लोक लेणी बघायला येतात, त्यांची सोय करणारे पुष्कळ आहेत. मी उलटं काम धरलं. इथल्या माणसांना बाहेर धाडायचं. त्यातही नवरा-बायकोच्या जोड्या ही माझी खासियत आणि हिवाळा हा माझा हंगाम. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला, पहाटे पंखा बंद करावासा वाटला, की ऑफिसचा फोन खणखणायला लागायचा आणि माझ्या अंगात वारं शिरायचं. आमचे हे म्हणायचे, हिला थंडीत ताप चढतो.

लोकांना वाटतं, आमचं काम तिकिटं काढण्याचं. तिकिटं काय, आता मोबाइलवर शाळकरी पोरंही काढतात. खरं काम त्याच्या आधीचं. दोन माणसं वीस-पंचवीस वर्षं एका घरात राहिलेली असतात, एका ताटात जेवलेली असतात, पण सुट्टीत काय करावंसं वाटतं हे त्यांनी एकमेकांना कधी विचारलेलं नसतं. ते विचारायला तिसरं माणूस लागतं. ते तिसरं माणूस म्हणजे मी.

माझी एक पद्धत होती. जोडी आली की आधी दोघांना वेगळं करायचं. एकाला खाली टपरीवर चहाला पाठवायचं, दुसऱ्याला समोर बसवायचं. मग कुठं जायचंय हे मुळीच विचारायचं नाही. विचारायचं ते असं : समजा तुम्ही सुट्टीवर आहात आणि दुपारचे दोन वाजलेत. काय करताय? माणूस एकदम गडबडतो. सकाळचं सगळ्यांना सांगता येतं, सूर्योदय, चहा, थंड हवा. संध्याकाळचंही येतं. दुपारी दोनला मात्र माणूस खरं बोलतो. एक म्हणतो झोपलोय, दुसरी म्हणते बाजारात फिरतेय. डोंगर की समुद्र हे भांडण वरवरचं असतं, सहली मोडतात त्या दुपारी दोन वाजता.

गुलमंडीवरच्या एका कापड दुकानदाराला बर्फच पाहिजे होता. बायकोला थंडी सोसत नव्हती, ती म्हणत होती, मी सासूबरोबर घरी राहते, तुम्ही जा. शेटजींना दुपारी दोनचं विचारलं. डोळे मिटून म्हणाले, बाहेर गार वारा आहे, मी रजई घेऊन बसलोय आणि समोर गरम तळलेलं काहीतरी आहे. म्हणजे बर्फात पाऊल टाकायचा त्यांचा विचारच नव्हता. बाईंना विचारलं तर त्या बाजारात होत्या. दोघांना जानेवारीत उदयपूरला धाडलं. सकाळी रजईपुरती थंडी, नाक्यानाक्यावर कचोरी आणि दुपारभर उबदार उन्हातला बाजार. शेटजी आजही रस्त्यात भेटले की कचोरीचंच सांगतात. बर्फ या शब्दाचा त्यांनी पुन्हा उच्चार केला नाही.

भांडणाऱ्या जोड्यांची मला भीती वाटत नाही. धडकी भरते ती एकमत असलेल्यांची. "तुम्ही म्हणाल तिथं जाऊ" हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत धोक्याचं वाक्य. एक प्राध्यापक जोडपं आलं होतं, दोघंही मृदू, दोघंही एकमेकांकडं बघून मान डोलावणारे. मी वेगळं बसवायला गेले तर म्हणाले, आमचं काही वेगळं नसतंच. हंपी ठरलं. परत आले ते आठ दिवस एकमेकांशी न बोलता. सरांना वाटलं बाईंना पडक्या देवळांची आवड आहे, बाईंना वाटलं सरांना आहे, आणि दोघंही उन्हात दगड बघत हिंडत राहिले. नंतर चहा पिताना कळलं की आयुष्य या शहरात काढून दोघांनीही वेरूळची लेणी आतून पाहिलेली नव्हती. अशा माणसांना मी हंपीला पाठवलं. त्यानंतर एकमतवाल्यांना तर मी सक्तीनं वेगळं बसवायला लागले.

पण मला सांगायचंय ते साळवे काका-काकूंचं.

नामदेवकाका एसटीतले ड्रायव्हर. मूळ गंगापूर तालुक्यातले, मुकुंदवाडीला घर बांधून राहिलेले. तीसेक वर्षं स्टेअरिंगवर काढून नुकतेच रिटायर झाले होते. सुमनकाकू अंगणवाडीत होत्या, त्यांचीही नोकरी संपली होती. डिसेंबर लागायच्या आत दोघं ऑफिसात आले. जय भीम झाला, पाणी झालं, आणि काकांनी खुर्चीत बसता बसताच निकाल देऊन टाकला. "ताई, हिच्या मनासाठी आलोय. रस्ता बघून बघून माझे डोळे विटलेत. मला कुठंच जायचं नाय."

मी त्यांना चहाला पाठवलं. काका जिना उतरताना काहीतरी पुटपुटले, दुसऱ्याच्या हातातली गाडी आपल्याला जमत नाय, असं काहीसं. जुन्या ड्रायव्हरचा तोरा म्हणून मी हसले आणि काकूंकडं वळले.

काकूंना दुपारी दोनचं विचारलं तर त्यांना विचार करावा लागला नाही. त्या चालत होत्या. कुठं ते माहीत नव्हतं, पण गाव नवीन होतं, रोज वेगळं. त्यांची सगळी नोकरी एका खोलीत झाली होती. लेकरांना खिचडी द्यायची, गाणी म्हणायची, दप्तरं भरायची, घरी यायचं. नवरा गावोगाव हिंडायचा आणि रात्री येऊन सांगायचा, आज अमक्या घाटात धुकं होतं, आज तमक्या नदीला पूर होता. त्या भाकरी थापता थापता ऐकायच्या.

"आणि समुद्र," त्या म्हणाल्या. "दर सहा डिसेंबरला आम्ही चैत्यभूमीला जातो, ताई. रांगेत उभं राहिलं की बाजूला समुद्र दिसतो. माणसांच्या डोक्यावरनं. पण तिथं आपण काय समुद्र बघायला गेलेलो नसतो. तिथं आपलं लक्ष दुसरीकडं असतं."

मी मान हलवली. त्यांनी मांडीवरची पर्स सारखी केली.

"रिटायर झाल्यावर जाऊ म्हणले होते. आता झाले रिटायर. मी यंदा विचारलंय त्यांना. परत नाय विचारणार."

त्या चिडून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी ते दूधवाल्याला उद्यापासून नको सांगावं तसं सांगितलं. एखादी सहल झाली नाही तर माझं काय जातं, दुसरं गिऱ्हाईक येतं. पण ही बाई एकदाच मागणार होती.

काका वर आले. त्यांची दुपार माझ्या अपेक्षेप्रमाणंच निघाली. ते झोपलेले होते. खाटेवर. ऊन अंगावर पाहिजे, डोळ्यांवर नको. आणि हॉर्नचा आवाज कुठूनच येता कामा नये. मी विचारलं, ती खाट मुकुंदवाडीतच पाहिजे का? काका म्हणाले, तसं काय नाय, खाट कुठलीबी चालंल, पण एकदा टेकलो की उठा, बॅग भरा, निघा, हे नको.

मला जे पाहिजे होतं ते मिळालं. एकाला हलायचं नाही, दुसरीला थांबायचं नाही, आणि तरी दोघांना बरोबर जायचंय. अशी गाठ हाती आली की माझी तहानभूक हरपते. त्या दिवशी डबा तसाच राहिला. मी पाहुणे ठेवणाऱ्या ओळखीच्या सगळ्या घरवाल्यांना फोन लावले, यांना नाही तर त्यांना. शेवटी दापोलीच्या बाजूला एक गाव सापडलं. सुपारीची वाडी, वाडीत घर, घराला ओटी आणि ओटीवर खाट. वाडीच्या पलीकडं वाळू आणि समुद्र. आजूबाजूला खाडीकाठची चिमुकली गावं, रोज एक बघावं अशी. घरमालकीणबाई स्वतः रिक्षा चालवणाऱ्या, त्या म्हणाल्या, काकूंना मी फिरवते. सगळे दिवस मुक्काम एकाच जागी. बॅग एकदाच उघडायची, एकदाच भरायची. मी फोन ठेवला आणि एकटीच टाळी वाजवली. सून तेव्हा नवी होती, तिनं दचकून बघितलं.

राहता राहिला प्रवास. रेल्वेनं जायचं तर मुंबईत गाडी बदला, म्हणजे पुन्हा गर्दी, पुन्हा माणसांची डोकी. म्हणून गाडी करून द्यायचं ठरलं, आणि गाडी म्हटली की माझा माणूस एकच, खुलताबादचा सलीमभाई. शांत डोक्याचा, स्वच्छ गाडीचा. त्याला बजावून सांगितलं की काका एसटीतले जुने ड्रायव्हर आहेत, मान राखायचा, पुढं बसवायचं. सलीमभाई खूश. म्हणाला, "हौ ताई, उस्ताद आदमी है. सामनेच बिठाता मैं."

आमच्याकडं ही रीतच आहे. गाडीतली पुढची सीट थोरल्या पुरुषाची. जावई असो, सासरा असो, गावचा सरपंच असो, "तुम्ही पुढं बसा" म्हटल्याशिवाय गाडी हलत नाही. बायका, लेकरं, पिशव्या मागं. मी कित्येक वर्षं लोकांना गाड्या करून दिल्या, पण पुढं कोण बसेल हा प्रश्न मला कधी पडला नाही. देवळात चपला बाहेर काढायच्या, तसं ते होतं.

निघाले त्या दिवशी सकाळी मी ऑफिसात गाणं गुणगुणत होते. दहाच्या सुमाराला काकूंचा फोन आला. नगरच्या अलीकडच्या एका ढाब्यावरून.

"ताई, आम्ही परत येतोय. त्या घरवालीला कळवून टाका."

झालं होतं असं. गाडी निघाल्यापासून काका दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत बसलेच नव्हते. ते ड्यूटीवर होते. वळण आलं की उजवा पाय पायदाणीवर दाबायचे. ट्रक दिसला की "थांब, थांब" म्हणायचे. गियर उतर, हॉर्न दे, त्याला जाऊ दे. सलीमभाई तासभर हौ काका, हौ काका करत राहिला. मग त्यानं ढाब्यावर गाडी घेतली, खाली उतरला आणि हात जोडून किल्ली काकांपुढं धरली. म्हणाला, काका, आपही चलाव. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण काकांना ते झोंबलं. आणि काकूंना त्याहून वेगळंच झोंबलं, कारण काकांचा हात किल्लीकडं गेला होता. म्हणजे पुन्हा तेच, हा माणूस स्टेअरिंगवर आणि आपण मागं पिशव्यांत. काकू म्हणाल्या, तुम्हाला गाडीच चालवायची असेल तर घरी चला. काका म्हणाले, चला. आता ते पाठ करून खाटेवर बसले होते.

पाय पण दुखायला लागलाय त्यांचा, काकू म्हणाल्या. नसलेला ब्रेक दाबून दाबून.

मला हसू येत होतं आणि रडूही. मी विचारलं, तुम्ही कुठं बसलाय?

"मी दुसऱ्या खाटेवर."

"ढाब्यावर नाही हो काकू. गाडीत."

"मागं. बायकांनी कुठं बसायचं मग?"

आणि त्या क्षणी मला दौलताबादचा घाट आठवला. लहानपणी मला गाडी लागायची. खुलताबादला मावशीकडं एसटीनं जाताना घाट सुरू झाला की मला हमखास उलटी व्हायची. मग ड्रायव्हरमामा आरशातून बघायचे आणि हाक मारायचे, त्या पोरीला पुढं पाठवा. पुढं कुणीही बसलेलं असो, त्याला उठवायचे. मागं हिसके बसतात, पुढं रस्ता दिसतो, पोटातलं शांत होतं. एसटीच्या ड्रायव्हरचा हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण तो मोडणारा ड्रायव्हर मी पाहिला नाही.

मी काकूंना सांगितलं, काकांना म्हणा, मागं बसून मळमळतंय.

"मला कधीच लागत नाय, ताई. बैलगाडीत नाय, टेंपोत नाय, कशातच नाय."

"काकांना ते माहीत आहे?"

काकांच्या गाडीत त्या बसल्या होत्याच किती वेळा. काकू म्हणाल्या, मी खोटं नाय बोलत. आणि फोन ठेवला.

ती दुपार मी कशी काढली ते मला माहीत. समोर एक तरुण जोडपं बसलं होतं, त्याला जंगल आणि तिला राजवाडा पाहिजे होता, एरवी मी खूश होऊन बाह्या सरसावल्या असत्या. त्या दिवशी माझं लक्ष फोनवर. कोकणातल्या बाईंना कळवायचं मी मुद्दाम लांबवलं. काकूंना स्वतःहून फोन करायला हात धजत नव्हता, कारण त्या घरी पोचल्या असतील तर मला ते ऐकायचंच नव्हतं.

पुण्याच्या अलीकडं चहाला थांबल्यावर सलीमभाईनं फोटो पाठवला. पुढच्या सीटवर काकू. पाठ ताठ, पट्टा लावलेला, पदर खोचलेला, नजर समोर रस्त्यावर. फोटो काढतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. आणि मागं, पिशव्यांच्या शेजारी, काका. चपला काढलेल्या, मफलर डोळ्यांवर ओढलेला, तोंड उघडं.

मी लगेच फोन लावला. सलीमभाई कुजबुजत बोलला. "ताई, काका सो गए. नगर से सो रहे. एक बार भी ब्रेक नै मारे."

मी ओरडले. खरोखर ओरडले. समोरच्या तरुण जोडप्याला मी तो फोटो दाखवला, त्यांना कळेना की या बाईला झालंय काय. त्यांनाही मी चहा पाजला आणि जंगलातला राजवाडा शोधून दिला, तोही त्याच दिवशी.

घाटात म्हणे काका एकदाही उठले नाहीत. काकू सलीमभाईला विचारत होत्या, ही नदी कुठली, हे झाड कुठलं, या घाटातच धुकं पडतं का? एवढे घाट त्यांनी कानांनी पाहिले होते, आता समोरच्या काचेतून येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. मी हॅलो हॅलो करत राहिले, त्या बोलेनात. बऱ्याच वेळानं माझ्या ध्यानात आलं की त्यांनी फोन समोर धरलाय. मी खुर्चीत बसून लाटा ऐकत राहिले. मग त्या म्हणाल्या, "कुणीच नाय इथं, ताई. मी आणि हे. पाण्यात उभे आहोत." माझे डोळे भरून आले, ते मी सुनेपासून लपवलंही नाही.

खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. डिसेंबर हा आमचा सुगीचा काळ, त्यामुळं आम्हा दोघांची सहल व्हायची ती मे महिन्यात, पोळत्या उन्हात, म्हैसमाळपर्यंत. यांना दर वर्षी म्हणायचे, पुढच्या हिवाळ्यात नक्की. ते हसून हो म्हणायचे. मला वाटायचं ते समजूतदार आहेत. काकूंचं ऐकल्यापासून मला त्या हसण्याची धास्ती वाटायला लागली. या खेपेला मी सुनेपुढं बसले, तिनं यांना चहाला पाठवलं आणि मला दुपारी दोनचं विचारलं. काय सांगितलं ते यांनाही अजून माहीत नाही.

काका-काकू परत आले ते कोकमाची पिशवी घेऊन. काका काळेभोर झाले होते. ओटीवरून समुद्रापर्यंत रोज स्वतःहून जात होते म्हणे, पण दुपारी दोनला खाट सोडली नाही. काकू गावांची नावं सांगत होत्या, आणि मी खोट्याबिट्याचा विषय काढला नाही. बाईनं आयुष्यात एक खोटं बोलावं आणि आपण ते मोजत बसावं, हे काही बरं नव्हे.

यंदा दसरा झाल्यावर काका एकटेच जिना चढून आले. गाडी पाहिजे, सलीमभाईच पाहिजे. सून माहिती लिहून घेत होती, तर काका तिला म्हणाले, "हिला पुढची सीट ठेवा. तिला लागतं."

मी तिथंच होते. मला राहवलं नाही. विचारलं, काका, काकूंना खरंच लागतं का?

काकांनी दाराकडं बघितलं, कुणी येत नाही ना ते पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "ताई, तीस वर्षं आरशात माणसं बघितली. लागणाऱ्याचा चेहरा मला कळत नाय व्हय? पिवळा पडतो माणूस. ही तर ढाब्यावर प्लेटभर भजी खाऊन आली आणि म्हणली मळमळतंय."

"मग तुम्ही उठलात कसे?"

"मागितली तिनं," काका म्हणाले. "मग काय करणार, दिली."

सुनेनं लिहून घेतलं आणि विचारलं, जायचं कुठं, काका?

"ते तिला विचारा," काका उठता उठता म्हणाले. "मला काय, मागं झोपायचंय. आणि तुम्ही तिला सांगू नका बरं का. तिला वाटतं, मला कळलं नाय."